प्रस्तावना : दिलेली किल्ली परत घेता आली पाहिजे

संगणकांचे क्लस्टर सांभाळणाऱ्या आणि सांभाळायला शिकणाऱ्या मंडळींसाठी हे पुस्तक लिहिले आहे. एका नेटवर्कवर जोडलेले पन्नास, शंभर किंवा हजार सर्व्हर एकच मोठे यंत्र असल्यासारखे चालवायचे, तर त्यांची एकमेकांकडे सतत ये-जा असते. युझर लॉगिन नोडवर येतो, शेड्युलर त्याचा जॉब रिकाम्या कॉम्प्युट नोडवर पाठवतो, तिथला प्रोग्राम शेजारच्या नोडवर आपले भाईबंद सुरू करतो आणि सगळे मिळून स्टोरेजकडे फाइली मागतात. यातल्या प्रत्येक पावलावर समोरच्या यंत्राने विचारायचे असते : तू कोण, आणि कशावरून? या प्रश्नाचे उत्तर देण्या-घेण्याची व्यवस्था म्हणजे ऑथेंटिकेशन. ती शेकडो यंत्रांवर हाताने न लावता प्रोग्रामकडून लावून घ्यायची, आणि दर वेळी ती तितकीच भक्कम लागली पाहिजे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

1994 साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे 16 पीसी इथरनेटने जोडून ‘बेओवुल्फ’ क्लस्टर उभा केला. मोठी गणिते करायला खास घडवलेले महागडे यंत्रच लागते, ही समजूत तिथून ढासळू लागली. 16 यंत्रांवर एका माणसाने एकेक करून लॉगिन करावे आणि हाताने सगळे लावावे, हे जमण्यासारखे होते. पुढे त्याच धाटणीचे क्लस्टर शेकडो आणि हजारो नोडचे झाले. आपल्याकडे पुण्यात सी-डॅकने 1991 मध्ये ‘परम 8000’ बांधला, तेव्हापासून या शहराला महासंगणकांची सवय आहे. आयआयटीएममध्ये हवामानाची प्रारूपे ‘प्रत्यूष’वर चालली, आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आला. त्याशिवाय अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या लॅबमध्ये, संशोधन गटांत आणि कंपन्यांत लहान-मोठे क्लस्टर आहेतच, आणि तिथे बहुधा एक-दोन माणसेच सगळा पसारा आवरत असतात. यंत्रे शेकड्यांनी वाढतात, सांभाळणारे हात मात्र तेवढेच राहतात. स्वयंचलनाची गरज इथून सुरू होते.

नेहमीचाच एक प्रसंग घ्या. 64 नोडच्या क्लस्टरमधल्या एका नोडची डिस्क गेली. नवी डिस्क घातली, ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकली. त्या ओघात नोडने स्वतःची नवी होस्ट किल्ली तयार केली. आता दुसऱ्या कोणत्याही नोडवरून तिकडे एसएसएच केले, की स्क्रीनभर इशारा येतो : या यंत्राची ओळख बदलली आहे, कोणीतरी मध्ये बसून भलताच उद्योग करत असण्याची शक्यता आहे. या वेळचे कारण निरुपद्रवी असते. जॉब अडकलेला असतो, युझर फोनवर असतो, म्हणून अ‍ॅडमिन ‘नोन होस्ट्स’ फाइलमधली जुनी ओळ उडवतो आणि पुढे जातो. असे चार-सहा वेळा झाले, की तो ‘स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग’ बंदच करून टाकतो. त्या क्षणापासून क्लस्टरमधला प्रत्येक नोड समोर जो कोणी उभा राहील त्याला खरा मानू लागतो. उद्या एखाद्याने खरोखर मध्ये स्वतःचे यंत्र बसवले, तरी जोडणी अडवणारे कोणी उरत नाही.

याचा दोष अ‍ॅडमिनच्या आळसावर टाकणे सोपे आहे, पण हिशोब करून पाहा. 64 पैकी प्रत्येक नोडने उरलेल्या 63 नोडांच्या किल्ल्या लक्षात ठेवायच्या, म्हणजे 4,032 नोंदी झाल्या. शंभर नोड असतील तर 9,900. एक डिस्क बदलली की यातल्या 63 किंवा 99 नोंदी एका दमात खोट्या ठरतात. इतका मोठा तक्ता कोणताही माणूस हाताने अचूक ठेवू शकणार नाही. जी सुरक्षा पाळणे अशक्य असते ती माणसे बाजूला सारतात. म्हणून स्वयंचलनाकडे केवळ वेळ वाचवण्याची युक्ती म्हणून पाहू नये. क्लस्टरमध्ये सुरक्षेचे नियम खरोखर पाळले जावेत, तर दुसरा मार्ग नाही.

या विषयाचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण त्यातला प्रत्येक धडा आजही कामाला येतो. 1983 च्या बर्कले युनिक्समध्ये ‘आरएसएच’ आणि ‘आरलॉगिन’ हे प्रोग्राम आले. ‘आरहोस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये यंत्राचे नाव लिहिले, की त्या यंत्रावरून येणाऱ्याला पासवर्ड न विचारता आत घेतले जाई. सोय मोठी होती. 2 नोव्हेंबर 1988 रोजी रॉबर्ट मॉरिसने सोडलेला वर्म इंटरनेटवर पसरला, तेव्हा त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक हीच होती : एका यंत्रात शिरायचे आणि त्या यंत्रावर जे जे विश्वास ठेवतात त्यांच्याकडे सरळ चालत जायचे. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपून घेणारा प्रोग्राम सापडला. तिथल्या तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिले. नेटवर्कवरचे सगळे बोलणे कूटबद्ध झाले, पासवर्डच्या जागी किल्ल्यांची जोडी वापरता येऊ लागली. 1999 मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच काढले आणि ते जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर जाऊन बसले.

एसएसएचने वाटेवरची चोरी थांबवली. दारात ठेवलेल्या विश्वासाच्या यादीचा प्रश्न मात्र नव्या रूपात शिल्लक राहिला. पासफ्रेज नसलेली खासगी किल्ली होम डिरेक्टरीत, तिची सार्वजनिक जोडीदार ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये, आणि होम डिरेक्टरी एनएफएसवरून सगळ्या नोडवर माउंट केलेली. एमपीआयचे प्रोग्राम नोडवर सुरू करायला हीच मांडणी वर्षानुवर्षे शिकवली गेली आहे. त्यात एक ओळ लिहिली की सगळे नोड उघडतात, आणि ती एक किल्ली कोणाच्या हाती लागली तरीही सगळे नोड उघडतात.

मे 2020 मध्ये युरोपला याचा अनुभव आला. एडिंबराचा ‘आर्चर’, जर्मनीतल्या युलिश, गार्शिंग आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमधले क्लस्टर आठवड्याभरात एकामागोमाग एक बाहेरच्या युझरांसाठी बंद करावे लागले. घुसखोर चोरलेल्या एसएसएच ओळखी वापरून एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जात होते. त्यासाठी त्यांना एसएसएचचे कूट फोडावे लागले नाही. संशोधकांची खाती अनेक केंद्रांत असतात, किल्ल्या इकडून तिकडे ठेवलेल्या असतात, त्या उचलून ते युझर म्हणूनच आत आले. आर्चरच्या चालकांना सगळ्यांचे पासवर्ड आणि किल्ल्या रद्द करून प्रत्येकाला नव्याने सुरुवात करायला लावावी लागली.

त्याआधी 2008 मध्ये वेगळ्या कारणाने अशीच पाळी आली होती. डेबियनमधल्या ओपनएसएसएलमध्ये 2006 साली केलेल्या एका बदलामुळे किल्ल्या बनवताना लागणारा यादृच्छिकपणा जवळजवळ नाहीसा झाला होता. प्रोसेस क्रमांकाखेरीज बदलणारे काही उरले नव्हते, त्यामुळे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या फार तर 32,768 इतक्याच निघू शकत. मे 2008 मध्ये दोष जाहीर झाला तेव्हा डेबियन आणि उबुंटूवर त्या काळात बनलेली प्रत्येक किल्ली शोधून टाकून देणे भाग पडले. सॉफ्टवेअरची दुरुस्ती एका अपडेटने झाली. ज्या किल्ल्या आधीच इतर सर्व्हरांवर, दुसऱ्या गावांतल्या यंत्रांवर, सहकाऱ्यांच्या खात्यांत जाऊन बसल्या होत्या, त्या अपडेटने कुठून निघणार? आपल्या किल्ल्या नेमक्या कुठे कुठे आहेत, याची यादी ज्यांच्याकडे होती त्यांचे काम लवकर उरकले.

या साऱ्यातून मला एक गोष्ट पक्की दिसते आणि या पुस्तकाची सगळी रचना तिच्यावर उभी आहे. ऑथेंटिकेशनचे स्वयंचलन म्हटले, की आपण किल्ल्या वाटण्याची स्क्रिप्ट लिहायला बसतो. शंभर नोडवर किल्ली पाच मिनिटांत पोहोचली, पासवर्ड न मागता लॉगिन झाले, की काम फत्ते झाले असे वाटते. खरी परीक्षा उलट दिशेने असते : दिलेली किल्ली तुम्ही किती वेळात, किती खात्रीने परत घेऊ शकता? भाडेकरूने जाताना किल्ली हातात ठेवली, तरी त्याने आणखी एक बनवून घेतलेली नाही याची खात्री कुलूप बदलल्यावरच होते. क्लस्टरमध्ये ते कुलूप रोज, आपोआप, कोणाचेही काम न अडवता बदलता आले पाहिजे.

पीएच.डी. संपवून गेलेल्या विद्यार्थ्याचे खाते बंद करायचे आहे असे धरा. अ‍ॅडमिन ‘पासडब्ल्यूडी’ कमांडने ते लॉक करतो आणि निश्चिंत होतो. त्या कमांडच्या मॅन्युअलमध्येच लिहिले आहे की याने फक्त पासवर्ड लॉक होतो, एसएसएच किल्लीने युझर तरीही आत येऊ शकेल. खात्याची मुदत संपवावी लागते, किल्लीची ओळ काढावी लागते, चालू असलेली सेशन तोडावी लागतात, क्रॉनमध्ये काही लावून ठेवले आहे का ते पाहावे लागते. माणूस यातले एखादे पाऊल विसरतो. प्रोग्रामला एकदा नीट सांगितले, की तो विसरत नाही. म्हणून या पुस्तकात प्रवेश देण्याच्या प्रत्येक कृतीशेजारी तो काढून घेण्याची कृती लिहिली आहे, आणि दुसरी चाचणीत उतरल्याशिवाय पहिली पुरी झाली असे मानलेले नाही.

आपोआप संपणारा विश्वास ही कल्पना नवी नाही. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी 1978 मध्ये नेटवर्कवर ओळख पटवण्याची एक पद्धत मांडली. 1981 मध्ये डोरोथी डेनिंग आणि जोव्हानी साको यांनी तिच्यातली उणीव दाखवली : जुनी सेशन किल्ली कोणाला सापडली, तर तो ती नवी म्हणून खपवू शकतो. त्यांनी सुचवलेला उपाय होता प्रत्येक निरोपावर वेळेचा शिक्का. 1983 मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पातून कर्बेरॉस जन्माला आले ते याच पायावर. युझर एकदा पासवर्ड देतो, त्याला ठरावीक तासांचे तिकीट मिळते, ते दाखवून तो इतर सेवा वापरतो. मुदत संपली की तिकीट निरुपयोगी, कोणी मुद्दाम रद्द करायची गरज नाही. मात्र वेळेवर विश्वास टाकला की घड्याळे जुळली पाहिजेत. कर्बेरॉस साधारणपणे पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते, त्यापुढे ‘क्लॉक स्क्यू’ म्हणून नकार देते. म्हणून या पुस्तकातले पहिले प्रात्यक्षिक घड्याळांचे आहे. घड्याळे जुळवणारा क्रोनी नीट लावल्याशिवाय पुढच्या प्रकरणाकडे वळू नका.

दिलेली किल्ली परत घेता येणे ही स्वयंचलनाची पहिली अट झाली. कर्बेरॉसचेच एक उदाहरण दुसरी अट समजावून देते. सुरुवातीच्या काळात हडूप क्लस्टर युझर जे नाव सांगेल ते खरे मानत असे. 2009-10 च्या सुमारास याहूच्या इंजिनिअरांनी त्याला कर्बेरॉस जोडले. तेव्हापासून प्रत्येक नोडवरच्या प्रत्येक सेवेला स्वतःची ओळख आणि किल्ली साठवणारी स्वतःची कीटॅब फाइल लागते. शंभर नोड आणि नोडमागे तीन सेवा म्हणजे तीनशे ओळखी, हे काम स्क्रिप्टशिवाय होणे नाही. आता या स्क्रिप्टमध्ये ‘केटीअ‍ॅड’ ही कमांड असते. कीटॅबमध्ये किल्ली लिहिताना ती एरवी नवीच किल्ली तयार करते आणि तिचा आवृत्ती क्रमांक एकाने वाढवते. स्क्रिप्ट पहिल्यांदा चालते तेव्हा सगळे सुरळीत. मग एक नवा नोड येतो आणि कोणीतरी तीच स्क्रिप्ट सगळ्या यादीवर पुन्हा चालवते. केडीसीकडे, म्हणजे कर्बेरॉसच्या मुख्य सर्व्हरकडे, तीनशे नव्या किल्ल्या तयार होतात. नव्या कीटॅब फाइली नोडांपर्यंत पोहोचेपर्यंत तिथल्या सेवा जुन्या किल्ल्या घेऊन बसलेल्या असतात. नव्या तिकिटांचे कूट त्यांना उलगडत नाही आणि चालता क्लस्टर उभ्याउभ्या थांबतो.

चांगली स्क्रिप्ट आधी पाहते : ओळख आहे का, कीटॅब आहे का, दोन्हींचा आवृत्ती क्रमांक जुळतो का? सगळे जागेवर असेल तर ती कशालाही हात लावत नाही. दहाव्यांदा चालवली तरी पहिल्या वेळेसारखाच परिणाम, ही ती दुसरी अट. हा गुण अ‍ॅन्सिबल किंवा पपेटसारख्या साधनांच्या मुळाशी आहे. पण साधन वापरले म्हणून तो आपोआप येत नाही. प्लेबुकमध्ये एक कच्ची कमांड घुसवली तरी तो जातो.

ओपनएसएसएचच्या बाबतीत या दोन्ही अटी पुऱ्या करणारी सोय 2010 मध्ये 5.4 या आवृत्तीत आली, ती म्हणजे सर्टिफिकेट. पुस्तकाचा मधला आणि सर्वांत मोठा भाग तिला दिला आहे, कारण मुदत, नाव आणि अधिकार हे सारे तिच्यात एकत्र येतात. एक सही करणारी किल्ली बनवायची आणि ती क्लस्टरपासून वेगळ्या, जपून ठेवलेल्या यंत्रावर ठेवायची. प्रत्येक नोडच्या होस्ट किल्लीवर तिची सही घ्यायची. मग ‘नोन होस्ट्स’मध्ये 4,032 नोंदींऐवजी प्रत्येक यंत्रावर एकच ओळ उरते : या सहीचा नोड आपला. डिस्क बदलली, नवी होस्ट किल्ली आली, तिच्यावर सही झाली की इशारा येतच नाही. त्यामुळे पुढे कधी इशारा आलाच, तर तो खरोखर उठून पाहण्याजोगा असतो. युझरच्या बाजूलाही तेच. त्याच्या सार्वजनिक किल्लीवर आठ तासांची सही द्यायची, त्यात त्याचे खाते लिहायचे. संध्याकाळी ती आपोआप निकामी होते. मधल्या वेळात लॅपटॉप चोरीला गेला तर रद्द किल्ल्यांची यादी सगळ्या नोडवर पाठवता येते. शिवाय स्लर्म या शेड्युलरच्या पॅम मॉड्यूलने युझरला फक्त त्याचा जॉब चालू असलेल्या नोडवरच शिरू देता येते. मग एखादी किल्ली चोरीला गेली तरी चोराला सगळे नोड मोकळे मिळत नाहीत.

सगळ्याच गोष्टींना मुदत घालता येत नाही. स्लर्म ओळख पटवण्यासाठी सहसा ज्या मंज या सेवेवर विसंबून असतो, त्यात सगळ्या नोडवर एकच गुप्त किल्ली ठेवावी लागते. त्यातून निघणारी ओळख पाच मिनिटांनी शिळी होते, पण मूळ किल्ली जिच्या हाती पडली ती व्यक्ती कोणत्याही युझरच्या नावाने ओळख घडवू शकते. एका नोडवरची फाइल फुटली म्हणजे सगळ्या क्लस्टरची फुटली. इथे काम एवढेच उरते की फाइलच्या परवानग्या दर तासाला तपासायच्या आणि किल्ली ठरलेल्या तारखेला, जॉब थांबवून, सगळीकडे एकदम बदलायची. हा बदल आपत्तीत पहिल्यांदा करू नये. तो सरावाचा भाग असावा.

सर्वांत अवघड प्रश्न पहिल्या ओळखीचा आहे. नव्या कोऱ्या नोडने सर्टिफिकेट मागितले, तर तो आपलाच नोड आहे हे कशावरून? पपेटमध्ये ‘ऑटोसाइन’ सर्रास चालू ठेवले तर येईल त्याला सही मिळते. एकाच डिस्क इमेजवरून शंभर नोड उभे केले आणि होस्ट किल्ल्या इमेजमध्येच राहिल्या, तर शंभर नोडांची ओळख एकच होते. खासगी किल्ल्या गिटमध्ये ठेवल्या तर त्या कायमच्या इतिहासात जातात. या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. बंद खोलीतले वेगळे प्रोव्हिजनिंग नेटवर्क, बीएमसीच्या कन्सोलवरून वाचलेला होस्ट किल्लीचा फिंगरप्रिंट, टीपीएम चिप यांपैकी आपल्याकडे काय आहे ते पाहून निवड करावी लागते. प्रत्येक निवडीत कोणावर विश्वास टाकला आहे, हे पुस्तकात उघडपणे लिहिले आहे, कारण न लिहिलेला विश्वासच पुढे घात करतो.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. आधी घड्याळे, नावे आणि नोडांची यादी. मग पहिली ओळख. त्यानंतर एसएसएच सर्टिफिकेट, कर्बेरॉस आणि मंज. शेवटी रद्द करणे, नोंदी ठेवणे आणि सराव. उदाहरणे अ‍ॅन्सिबलमध्ये आहेत, तरी कल्पना कोणत्याही साधनात उतरवता येतील. वाचकाला लिनक्सची कमांड लाइन आणि थोडे शेल स्क्रिप्टिंग यावे एवढीच अपेक्षा आहे. दोन जुने पीसी किंवा लॅपटॉपवरची तीन व्हर्च्युअल मशीन यांवर सगळे प्रयोग होतात. महाविद्यालयातल्या मुलांनी महासंगणकाची वाट पाहत थांबू नये. मराठीत हे लिहिण्याचे कारण सरळ आहे. हे काम करणारी असंख्य मुले-मुली आपसात मराठीत बोलतात, रात्री नोड पडला की एकमेकांना मराठीतच समजावतात. ज्या भाषेत अडचण सांगितली जाते त्या भाषेत तिचे नीट विवेचनही मिळाले पाहिजे.

पुढचे पान उलटण्याआधी वाचकाने एक चाचणी करून पाहावी अशी माझी विनंती आहे. आपल्या क्लस्टरवर एक चाचणी खाते उघडा, त्याला किल्ली द्या, दोन-तीन नोडवर लॉगिन करा, एक सेशन चालू ठेवा. मग घड्याळ लावा आणि ते खाते पूर्ण बंद करा : नवे लॉगिन सगळ्या नोडवर नाकारले गेले पाहिजे, चालू सेशन तुटले पाहिजे, त्याच्या नावाचा जॉब रांगेत राहता कामा नये. लागलेला वेळ आणि हाताने कराव्या लागलेल्या गोष्टी कागदावर लिहून ठेवा. पुस्तक संपल्यावर हीच चाचणी पुन्हा करा. वेळ मिनिटांवर आला आणि हाताने करायचे काही उरले नाही, तर तुमच्या क्लस्टरवर शास्त्रज्ञ आपले काम निर्धास्त सोपवू शकतील. त्यांचा तो विश्वास सांभाळणे हेच आपले काम आहे.